अण्णांची अक्कलदाढ

ग्रंथालयाच्या दारावरचं पोस्टर घरात सगळ्यांच्या आधी वाचलं ते सासूबाईंनी. निघाल्या होत्या बटाटे आणायला आणि परत आल्या त्या रिकाम्या पिशवीने. पिशवी टेबलावर टाकून त्यांनी सुनेला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

सुनेला काहीच माहीत नव्हतं. इमारतीच्या तळमजल्यावर तिचा दातांचा दवाखाना होता, आणि दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ती चहा प्यायला वर आली होती. घरात तिला सगळे डॉक्टरच म्हणत. नवरासुद्धा, भांडण नसेल तेव्हा.

सासूबाईंनी मग सविस्तर सांगितलं. वर वीतभर अक्षरांत लिहिलंय, 'माणूस आला कुठून?' पुढच्या महिन्याचा पहिला रविवार, संध्याकाळी पाच वाजता, ग्रंथालयाच्या सभागृहात, जाहीर वादसभा. खाली दोन फोटो. देवाच्या बाजूने एक, उत्क्रांतीच्या बाजूने एक.

"एक आमचे हे. दुसरे तुझे वडील."

डॉक्टरने कप खाली ठेवला.

तिच्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, प्रार्थनागृहात प्रवचनाला बसायला लागून चाळीस वर्षं झाली होती. तिच्या वडिलांनी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्त होऊनही ते सगळ्यांचे मास्तरच राहिले होते. दोन्ही घरांमध्ये अंतर दोन गल्ल्यांचं. लग्न ठरलं तेव्हा डॉक्टरने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने आपापल्या वडिलांना समोर बसवून वचन घेतलं होतं की व्याह्यांसमोर एकाने देव काढायचा नाही आणि दुसऱ्याने माकड काढायचं नाही. तो तह अकरा वर्षं टिकला. या अकरा वर्षांत ते दोघं भेटले की हवामानावर बोलत. इतकं बोलत की एवढं वेधशाळेलाही कधी सुचलं नसेल. आणि आता दोघांनीही घरात चकार शब्द न काढता ग्रंथालयाला होकार देऊन टाकला होता.

संध्याकाळी जाब विचारला गेला. अण्णांचं म्हणणं असं की मास्तर बोलणार आहेत हे आपल्याला नंतर कळलं. मास्तरांचंही म्हणणं, शब्दाला शब्द, तेच होतं. शिवाय मास्तरांनी अशी पुस्ती जोडली की तह घरातल्या घरात होता, सभागृहाचा त्यात उल्लेख नव्हता.

कोण कोणाच्या बाजूला, हे खरं तर सरळ व्हायला हवं होतं. पण सासूबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की आपण मास्तरांच्या बाजूच्या. अण्णांचं प्रत्येक प्रवचन त्या आधी घरात ऐकत, तालीम म्हणून, आणि मग प्रार्थनागृहात. असं चाळीस वर्षं. माणसाने आयुष्यात एकदा तरी नवीन काही ऐकायला नको का, असं त्यांनी विचारलं. तिकडे डॉक्टरच्या आईने, माईने, बरोबर उलट केलं. ती रोज दुपारी चारला अण्णांच्या प्रवचनाला पहिल्या रांगेत असायची. घोड्याच्या पायाला पूर्वी किती बोटं होती हे आणखी एकदा ऐकावं लागलं तर आपण बहिणीकडे राहायला जाऊ, असं तिने मास्तरांना तोंडावर सांगितलं. दोघी विहिणींचे एकमेकींना फोन सुरू झाले. जी ती दुसरीच्या नवऱ्याचं कौतुक करायची आणि फोन ठेवला की स्वतःच्या नवऱ्याकडे अशा नजरेने बघायची की त्याने खोलीबाहेर जावं.

डॉक्टरचा नवरा कोर्टात लघुलेखक होता. दोन्ही बाजूंचं शब्दन्‌शब्द टिपून घ्यायचं आणि स्वतःचं मत म्हणून काही ठेवायचं नाही, हेच त्याचं काम, आणि ते तो घरीही आणायचा. त्यामुळे 'तू कोणाच्या बाजूची?' हा प्रश्न सगळीकडून एकट्या डॉक्टरवर येऊन आदळायला लागला. ती म्हणायची, मला पेशंट आहेत.

मास्तरांनी नऊ तक्ते रंगवले. अण्णांनी सात पानं लिहिली आणि या खेपेला तालीम केली नाही. पानं कपाटात बंद. सासूबाईंनाही दाखवली नाहीत, त्यामुळे त्यांना सुटल्यासारखंही वाटलं आणि अपमानही झाला.

सभेच्या आदल्या बुधवारी डॉक्टरच्या लक्षात आलं की अण्णा तिच्याशी सारखे उजवी बाजू पुढे करून बोलतायत. जेवताना ते पोळी चहात बुडवत होते. तिने हाक मारल्यावर ते वर्तमानपत्रामागे गेले. वर्तमानपत्र तिने बाजूला केलं, तर डावा गाल लिंबाएवढा सुजलेला.

अण्णा आजवर तिच्या खुर्चीत कधी बसले नव्हते. देवाने बत्तीस दिले, बत्तीस मोजून परत करीन, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पण त्या दिवशी उत्तर द्यायलाही तोंड उघडेना. तिने त्यांना हाताला धरून खाली नेलं आणि एक्स-रे काढला. खालची डावी अक्कलदाढ जबड्यात चक्क आडवी झोपली होती, शेजारच्या दाढेच्या पोटात डोकं खुपसून, आणि भोवती पू झाला होता. पन्नास वर्षं निवांत पडलेली दाढ आता उठली होती. तिने पू काढला, औषध सुरू केलं आणि शुक्रवारी सकाळी दाढ काढायची असं सांगितलं. अण्णांनी रविवारचं विचारलं. ती म्हणाली, रविवारी सूज सगळ्यात जास्त असेल आणि तोंड जेमतेम एक बोट उघडेल. थांबायचं म्हणाल तर मी थांबणार नाही. हे दुखणं गळ्याकडे उतरतं.

शुक्रवारी नवऱ्याला कोर्टात तारीख होती. सासूबाईंना रक्त बघवत नव्हतं. माईने परस्पर ठरवून मास्तरांना पाठवलं. अण्णांना धरून वर न्यायला कोणीतरी पुरुष माणूस हवा म्हणून. मास्तर स्वच्छ शर्ट घालून आले, अण्णांच्या तब्येतीची रीतसर चौकशी केली आणि बाहेरच्या बाकावर बसायचं सोडून आतल्या दारात उभे राहिले. तिथून भिंतीवर लावलेला एक्स-रे नीट दिसत होता.

भूल चढली होती. दातांच्या मध्ये रबराचा ठोकळा, ओठाला आकडा, जिभेखाली लाळ ओढणारी नळी. अण्णांच्या चाळीस वर्षांच्या वक्तृत्वाला बाहेर पडायला वाट म्हणून उरली नव्हती. आणि मास्तर बोलायला लागले.

ते उगीच बोलत नव्हते, मुद्द्यावर बोलत होते. पूर्वी माणूस कच्चं, चिवट खात होता तेव्हा जबडा लांब होता. मग विस्तव आला, शिजवणं आलं, जबडा आखूड होत गेला. दाढांना मात्र हे कोणी कळवलं नाही. त्या आपल्या वेळेवर येतात आणि बघतात तर जागा नाही. कोणी मुद्दाम बसून घडवलं असतं तर बत्तीस माणसांना बोलावून अठ्ठावीस खुर्च्या मांडल्या असत्या का?

अण्णांनी एक बोट वर केलं. घशातून काहीतरी आवाज आला, त्यात एकही व्यंजन नव्हतं. मास्तर म्हणाले, "बोला ना, अण्णा. मी ऐकतोय."

डॉक्टरने ड्रिल बंद केलं. "बाबा, या खोलीत तोंड फक्त पेशंटचं उघडं असतं. बाहेर बसा."

मास्तर बाहेर गेले. अकरा वर्षांत तिने पहिल्यांदाच सासरच्या माणसासमोर वडिलांना काही सुनावलं होतं. अण्णांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते पाहिलं आणि खुर्चीच्या हातावरची त्यांची मूठ सैल झाली.

दाढ तीन तुकड्यांत निघाली. चार टाके पडले. गॉझचा बोळा दाबून धरून अण्णा टेकून बसले, आणि त्यांनी हातानेच कागद मागितला. तिने अपॉइंटमेंटचं कार्ड दिलं. त्यांनी मागे लिहिलं, 'हत्यार उचलण्याआधी तुम्ही क्षणभर डोळे मिटलेत. मी पाहिलं.'

तिला हसू आलं. ती म्हणाली, "देवाचं नाव नव्हते घेत, अण्णा. डावी की उजवी ते स्वतःला विचारत होते. दर वेळी विचारते. चुकीची निघाली तर परत बसवता येत नाही."

अण्णांनी मान हलवली, हेही चालेल अशा अर्थाने. मग लिहिलं, 'मास्तर म्हणाले ते खरं का? त्यांचं नको. तुमचं सांगा.'

हा प्रश्न तिने अकरा वर्षं चुकवला होता. बाहेर बाकावर वडील बसलेले, समोर सासरे, हातात त्यांच्याच दाढेचे तीन तुकडे. ती म्हणाली, "खरं आहे. मी रोज बघते. बाबा सांगतात तेव्हा ते भांडण वाटतं, म्हणून मी मध्ये पडत नाही. पण आहे ते तसंच आहे."

अण्णांनी तुकडे एकदा निरखले. मग लिहिलं, 'जबडा देवानेच लहान करत आणला नसेल कशावरून?'

"आणला असेल. पण मग दाढा काढून घ्यायचं त्याच्याकडून राहून गेलं."

अण्णा हसले, आणि टाके ओढले गेल्यामुळे लगेच कळवळले. 'म्हणून सून दिली,' असं लिहून त्यांनी कार्ड परत केलं.

रविवारचं काय, हा प्रश्न शनिवारी सकाळी दोन्ही घरं एकत्र बसून सोडवायला लागली. अण्णांचा चेहरा एका बाजूने ओळखू येत नव्हता. ग्रंथपालबाई स्वतः येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, पुढे तीन महिने सभागृह मिळणार नाही, पोस्टरं लागलीत, अण्णांचं भाषण दुसऱ्या कोणी वाचून दाखवलं तरी चालेल.

पहिली पाळी नवऱ्याची. त्याने वडिलांनी कपाटातून काढून दिलेलं पहिलं पान हातात घेतलं आणि जबानी वाचून दाखवावी तसं एका सुरात वाचलं, विरामचिन्हांसकट. देव, स्वल्पविराम, हा, स्वल्पविराम. सवयच ती. अण्णांनी उशीत तोंड घातलं. सासूबाईंनी स्पष्ट नकार दिला, कारण त्या विरुद्ध बाजूच्या होत्या. मग माई पदर सावरून म्हणाली की आपण वाचू. अण्णांचा सूर आपल्याला पाठ आहे.

मास्तर इतका वेळ खिडकीशी उभे होते. ते वळले. स्वतःची बायको भर सभेत आपल्याविरुद्ध उभी राहून वाचणार, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. ते म्हणाले, "त्यापेक्षा मी वाचतो."

मास्तरांनी स्पष्ट केलं की आधी आपण आपली बाजू मांडू, वीस मिनिटं, आणि मग अण्णांची पानं वाचू, वीस मिनिटं. काना-मात्रेचाही फरक न करता. शब्द दिला. सासूबाईंना हे पटलं नाही, डॉक्टरच्या नवऱ्याला वेळापत्रकाच्या दृष्टीने पटलं. अण्णांनी मास्तरांकडे पाहिलं, कपाटाची किल्ली काढली आणि सातही पानं त्यांच्या हातात दिली. मास्तरांनी ती न वाचताच घडी घालून खिशात ठेवली. आधी वाचणं म्हणजे पेपर फोडणं, असं ते म्हणाले.

डॉक्टर त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेली. तिला तिचे वडील माहीत होते. शाळेत मुलांची चुकलेली उत्तरं वर्गाला वाचून दाखवायचा त्यांचा एक खास आवाज होता. अक्षरही न बदलता ते माणसाला पार उघडं पाडू शकत. ती स्वतः त्यांच्याच वर्गात होती, आणि तिचंही एक उत्तर त्या आवाजात वाचलं गेलं होतं.

"बाबा, उद्या तुम्ही 'त्या' आवाजात वाचलंत तर मी उठून जाईन. मुद्दा बरोबर तुमचाच आहे, हे मी अण्णांनाही सांगितलंय. तरी उठून जाईन."

कठडा धरून मास्तर नेहमीपेक्षा हळू उतरले.

रविवारी साठ घडीच्या खुर्च्या भरल्या आणि लोक भिंतींना टेकून उभे राहिले. माईक प्रत्येक 'स'ला फुत्कारत होता. व्यासपीठावर एका खुर्चीत अण्णा, गालाला बर्फाची पिशवी धरून, डोक्यावरून रुमाल बांधलेले. लढाईतून आणलेल्या माणसासारखे दिसत होते, आणि निम्मं सभागृह त्यांचं तिथेच झालं. पहिल्या रांगेत दोघी विहिणी शेजारीशेजारी. नवरा कडेच्या खुर्चीत वही उघडून बसला होता, कोणी सांगितलं नसताना.

मास्तरांनी तक्ते दोरीवर चिमट्यांनी लावले आणि सुरुवात केली एका पेशीपासून. मधूनच सुरुवात करणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. एका पेशीच्या दोन झाल्या. दोनांच्या चार. प्रत्येक टप्प्याला त्यांनी न्याय दिला. सासूबाईंनी पहिली पाच मिनिटं मोठ्या आशेने ऐकलं, मग घड्याळाकडे पाहिलं, मग माईकडे. माईने 'मी तुम्हाला सांगत नव्हते?' अशा अर्थाने डोळे मिटले. ग्रंथपालबाईंची घंटा वाजली तेव्हा नऊपैकी तिसरा तक्ता चालू होता आणि सगळे प्राणी अजून पाण्यात होते. मास्तरांनी आणखी दोन मिनिटं मागितली. ती मिळाली नाहीत. सभा माणूस कुठून आला ते ऐकायला जमली होती, आणि मास्तरांचा मासाही अजून काठाला लागला नव्हता.

चेहरा लाल झालेला. खिशातून पानं काढून, दुसरा चष्मा लावून त्यांनी अण्णांचं पहिलं वाक्य वाचलं. तोच आवाज. 'वि-श्वास' असा मधेच तोडलेला, भुवई उचलून. मागे एकदोघं हसलेही. डॉक्टरने मांडीवरची पर्स उचलून खांद्याला लावली.

मास्तरांनी ते पाहिलं. थांबले. खाकरले. "माफ करा, पुन्हा वाचतो," म्हणाले आणि पहिल्यापासून वाचायला लागले, या वेळी कविता शिकवताना काढायचे त्या आवाजात. तिने पर्स खाली ठेवली.

अण्णांनी लिहिलं होतं की हाडांबद्दल मी बोलणार नाही. हाडं मास्तरांना माझ्याहून जास्त कळतात. इथे मास्तर किंचित ताठ झाले. पुढे लिहिलं होतं, 'मी चाळीस वर्षं बोलतोय. रोज प्रवचन संपलं की लोक भेटायला थांबतात. माणूस आला कुठून, हे त्यांतल्या एकानेही मला आजवर विचारलेलं नाही. ते विचारतात, आमचा माणूस गेला कुठे. याचं उत्तर मला ठाऊक आहे असं मी तिथे सांगतो. इथे सांगायला धीर होत नाही. समोर मास्तर आहेत, ते पुरावा मागतील.'

लोक हसले, पण हळू. मास्तर चांगलं वाचत होते, फारच चांगलं. चौतीस वर्षांचा कमावलेला गळा. कुठे थांबायचं, कुठे नुसतं बघायचं, सगळं हातात बसलेलं. आपल्याच विरुद्ध बाजू ते अशी काही मांडत होते की चौथ्या पानापर्यंत मागची कुजबुजही थांबली. सासूबाईंनी माईच्या कानात विचारलं, हे यांनी लिहिलंय? आमच्या यांनी?

पाचवं पान वर आलं तशी अण्णांची बर्फाची पिशवी खाली आली. ते टेबलावर बोटं वाजवायला लागले. मग हात हलवायला लागले, नको, नको, पुढचं घ्या, अशा खुणा. तोंड उघडायचाही प्रयत्न केला, त्यातून नुसती हवा निघाली. मास्तरांना वाटलं, इथे मुद्दा लंगडा पडत असणार. ते माईकमध्ये म्हणाले, "लेखकांना हे पान गाळावंसं वाटतंय. पण मी शब्द दिलाय." आणि वाचलं.

"सहा वर्षांपूर्वी एक गृहस्थ लागोपाठ तीन दुपारी प्रार्थनागृहात येऊन बसले. शेवटच्या रांगेत, खांबाच्या मागे. त्यांचा देवावर विश्वास नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्या आठवड्यात त्यांचे थोरले भाऊ..."

पुढचं वाक्य आलं नाही. माईक नुसता घरघरत राहिला.

डॉक्टरला काका आठवले. बाबांना लहानाचं मोठं करणारे, शिकवणारे काका. ते गेले त्या आठवड्यात बाबा घरात कोणाशी बोलले नव्हते, रडलेही नव्हते. दुपारी छत्री घेऊन बाहेर पडायचे. विचारलं की म्हणायचे, ग्रंथालयात जातोय, वर्तमानपत्रं बघायला. तिने आईकडे पाहिलं. माई त्याही आठवड्यात रोज तिथे गेली होती, पहिल्या रांगेत, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. माईचा हात तोंडाशी गेला होता.

अण्णा मान खाली घालून बसले होते. हे पान ते स्वतः वाचणार होते, एका अनोळखी गृहस्थाची गोष्ट म्हणून. ज्याची गोष्ट त्याच्याच तोंडून ती वाचली जाईल, हे लिहिताना कोणाच्या मनात असणार? आणि पानं देताना दुखण्याच्या भरात ते ध्यानातून निसटलं होतं.

मास्तर पाणी प्यायले. मग वाचलं, पण आवाज आता कवितेचाही नव्हता. "त्यांचे थोरले भाऊ गेले होते. मी ओळख दाखवली नाही. दाखवली असती तर ते पुन्हा आले नसते. त्यांना तिथे काय मिळालं हे मला माहीत नाही. माझ्याकडे मात्र तेव्हापासून एक प्रश्न राहिला आहे. न मानणाऱ्या माणसालाही जिथे येऊन बसावंसं वाटतं, ती जागा कोणी केली? मास्तरांना याचं उत्तर येत असेल तर मी शिकायला तयार आहे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.

"या मजकुरात एक चूक आहे," ते म्हणाले. "तीन दुपारी नव्हे. चार. चौथ्या दिवशी अण्णांना ताप होता, प्रवचन नव्हतं. मी रिकाम्या सभागृहात बसून आलो."

ग्रंथपालबाईंनी नाक पुसलं, आणि मागून एक म्हातारा टाळ्या वाजवायला लागला, आणि मग टाळ्या थांबेनात. सहावं नि सातवं पान मास्तरांनी पुन्हा चष्मा लावून वाचलं, पण ते कोणाच्या कानात शिरलं नाही.

हात वर करून मतं घ्यायची ठरली होती. ग्रंथपालबाई उभ्या राहिल्या आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मास्तरांच्या भाषणासाठी म्हटलं तरी सगळे हात वर होतात आणि अण्णांच्या भाषणासाठी म्हटलं तरी सगळे. लोकांनी दोन्ही मास्तरांच्याच तोंडून ऐकलं होतं. त्यांनी तीनदा मोजलं, तीनदा एकच आकडा आला, आणि शेवटी त्यांनी सभा संपल्याचं जाहीर केलं. नवऱ्याने वहीत लिहिलं, 'निकाल राखून ठेवला.' माई व्यासपीठावर चढली आणि दोरीवरचे तक्ते एकेक करून गुंडाळायला लागली. घोड्याच्या पायाच्या तक्त्याशी ती थांबली. मास्तरांना म्हणाली, हा राहिलाच की दाखवायचा. घरी गेल्यावर दाखवा मला.

त्यानंतर दहा दिवस दोन्ही घरांत कोणीच त्या पाचव्या पानाचं नाव काढलं नाही. मास्तर इकडे फिरकले नाहीत. अण्णांनी टाके काढून घेतले, सूप प्यायले, आईस्क्रीमचे डबे संपवले. डॉक्टर रोज त्यांचं तोंड उघडवून बोटांनी मोजायची. दीड बोट. दोन बोटं. अकराव्या दिवशी तीन बोटं उघडलं, आणि त्याच सकाळी, डॉक्टर दवाखान्यात जायला निघालेली असताना, दारात मास्तर. न बोलावता, न कळवता. ते आत येऊन बसले. सासूबाई चहा टाकायला गेल्या आणि ओट्याशी उभ्या राहून कान देऊन ऐकू लागल्या.

हवामानाचा विषय निघेल असं डॉक्टरला वाटलं. अण्णांनी जबडा एकदा इकडून तिकडे फिरवून पाहिला आणि विचारलं, "चौथ्या दिवशी कशाला आला होता?"

"तीन दिवस काहीच फरक वाटला नव्हता. चौथ्या दिवशी खात्री करून घ्यायला."

"मग?"

मास्तरांनी मांडीवरची छत्री खाली ठेवली. "चौथ्या दिवशी थोडा वाटला."

अण्णा पुढे सरकले. "म्हणजे मी बोललो त्या तीन दिवशी नाही, आणि मी नव्हतो त्या दिवशी वाटला?"

"नोंद तरी तशीच आहे."

अण्णा घायाळ झाले, पण क्षणभरच. मग त्यांचा चेहरा उजळला. "मग तर प्रश्नच मिटला. मी मध्ये नव्हतो, म्हणून त्याला थेट तुमच्यापर्यंत येता आलं."

"तसं नाही," मास्तर म्हणाले. "खांबाच्या मागे पंखा होता. तीन दिवस गर्दीत जाणवला नाही. रिकाम्या सभागृहात गार वारा लागला, माणसाला बरं वाटलं. साधं कारण आहे."

"तो पंखा?" अण्णा म्हणाले. "मास्तर, तो पंखा त्या अख्ख्या वर्षात बंद होता."

ओट्यापाशी सासूबाईंनी गॅस बारीक केला. डॉक्टर दाराशी एक चप्पल घालून तशीच उभी होती.

"कोणत्या बाजूचा म्हणताय तुम्ही?" मास्तरांनी शेवटी विचारलं.

"खिडकीकडचा."

"मी भिंतीकडचा म्हणतोय."

"भिंतीकडे पंखा नाहीच."

"आहे."

"चाळीस वर्षं मी त्या सभागृहात बसतोय."

"समोर तोंड करून बसता. मागे काय आहे ते तुम्हाला काय ठाऊक?" मास्तर उठले. "प्रत्यक्ष बघायला हवं."

चहा तसाच राहिला. दोघंही चपला शोधू लागले, आणि घाईत अण्णांनी मास्तरांची छत्री उचलली. डॉक्टरने बाजूला होऊन वाट दिली. जिन्यावरून ते खाली जात होते, अण्णा अकरा दिवसांचं साठलेलं एकदम बोलत, आणि मास्तर दर पायरीला त्यांना थांबवून पुरावा मागत.